‘एमएसडब्ल्यूला भेटा’ म्हटलं म्हणजे आपण गरीब ठरलो का?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे सासरे, वय 72, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू, बोलणं दोन्ही गेलं. सध्या पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात दाखल आहेत. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी फाईलवर ‘रेफर टू एमएसडब्ल्यू’ (म्हणजे रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे पाठवा) असं लिहिलं आणि सिस्टरांनी तळमजल्यावरच्या समाजसेवा विभागात जाऊन यायला सांगितलं. ताईंच्या यजमानांना ते फार लागलं. ‘आपण काय भिकेला लागलोय का?’ म्हणून त्यांनी विषय बंद केला. त्यांची खासगी कंपनीत नोकरी आहे, पण बिल वाढत चाललंय, पतसंस्थेचं कर्जही काढून झालंय. मुंबईचे धाकटे दीर फोन उचलत नाहीत. ओळखीचा एक कार्यकर्ता ‘कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो, साहेबांचं पत्रही आणतो’ म्हणतोय. समाजसेवकाकडे गेलो तर पगार तपासतील, घरातली भांडणं चव्हाट्यावर येतील, सासऱ्यांना वृद्धाश्रमात ठेवा म्हणतील, अशी ताईंना धास्ती आहे. डिस्चार्ज पुढच्या आठवड्यात आहे. ‘जावं का? आणि गेले तर काय सांगावं, काय झाकावं?’ असं त्या विचारतात.

ताई,

जा. उद्याच जा. डिस्चार्ज पुढच्या आठवड्यात म्हणता, म्हणजे हातात आहेत ते हेच दिवस. बिल तयार होऊन कॅशियरच्या खिडकीत पोचलं की समाजसेवकाला करण्यासारखं फार थोडं उरतं.

अशाच एका विभागात मी नोकरीची बरीच वर्षं काढली. येणारे नातेवाईक बहुधा आत न येता दारातूनच सांगायचे, ‘मॅडम, आमचं काही मागणं नाही हां, सिस्टरनी पाठवलं म्हणून आलो.’ तुमच्या यजमानांचा राग त्याच जातीचा आहे. ज्याने कधी कुणापुढे हात पसरला नाही त्याला ‘समाजसेवा विभाग’ ही पाटी वाचूनच ओशाळल्यासारखं होतं. पण त्यांचा अंदाज चुकतोय असं मला वाटतं. उजवी बाजू गेलेला, बोलू न शकणारा आणि आठवड्याभरात घरी जाणारा रुग्ण असेल, तर तो बंगल्यातून आलेला असो की वस्तीतून, त्याच्या फाईलवर ही ओळ यायलाच हवी. तुमच्या डॉक्टरांनी ती लिहिली, म्हणजे ते घरी गेल्यावरचा विचार करतायत.

अर्धांगवायूत सुधारणेचा वेग साधारण पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, आणि ते महिने रुग्ण घरी असतो. गोळ्या डॉक्टर लिहून देतील, व्यायाम फिजिओथेरपिस्ट दाखवतील. पण तो व्यायाम कुठल्या खोलीत, कुणाच्या नोकरीच्या वेळेत आणि कुणाच्या जिवावर होणार, हे बघणं समाजसेवकाचं काम असतं.

ही मंडळी चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभी असतात त्यांच्यातली नव्हेत. एमएसडब्ल्यू ही समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. टाटा समाजविज्ञान संस्था 1936 साली सुरू झाली ती समाजकार्याचीच शाळा म्हणून. मुंबईत निर्मला निकेतन 1955 पासून आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था 1963 पासून. वर्गातल्या शिक्षणाबरोबर वॉर्डात, वस्तीत प्रत्यक्ष काम करूनच ही पदवी मिळते. सरकारी रुग्णालयात याच माणसाला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ म्हणतात. ट्रस्टच्या रुग्णालयात सगळे नुसतं ‘एमएसडब्ल्यू मॅडम’ म्हणतात. त्या रुग्णालयाच्या पगारावर असतात. भेटण्याची फी नसते आणि कुणाची चिठ्ठीही लागत नाही.

आत गेल्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे निम्मी धास्ती जाईल. पैशांचा विषय लगेच निघेलच असं नाही. आधी विचारतील, घर तळमजल्यावर की वर? पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला? (उजवा हात गेलाय, म्हणजे चढताना धरायला कठडा डावीकडे हवा. हे आपल्याला पहिल्या दिवशी पायरीशी उभं राहिल्यावर कळतं.) संडास घरात की मागच्या अंगणात? खाली बसायचा की कमोड? दाराची रुंदी किती, व्हीलचेअर आत जाईल का? नाकातली नळी तशीच ठेवून घरी पाठवणार असतील तर तिच्यातून पेज कोण देणार? दिवसा घरी कोण असतं? रात्री कूस कोण बदलणार?

या शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांबते. तुमच्या पत्रात बिलावर पानभर आहे, दिरांवर त्याहून जास्त आहे, आणि सासऱ्यांचं करणार कोण यावर फक्त एवढंच: ‘ते काय, मी आहेच की.’ पुढे कुठेतरी ओझरतं येतं की तुम्ही पतसंस्थेत नोकरीला आहात आणि मुलगी दहावीला आहे.

झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. भरल्या अंगाचा पुरुष एकट्या बाईने दिवसातून इतक्या वेळा वळवायचा म्हणजे तुमची कंबर किती दिवस साथ देईल? नळी, लघवीची पिशवी, व्यायाम, अंघोळ आणि वर नोकरी. हे तुम्ही करू नका असं मी म्हणत नाही. तुमच्या होकाराआधी तुम्हाला कुणी विचारलं होतं का, एवढंच विचारते. घरातलं हे काम वाटायचं असतं हेच पुष्कळ घरांत कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि सुनेने ते काढलं तर ‘नको झालंय तिला’ असा अर्थ निघतो. समाजसेवक तोच प्रश्न यजमानांच्या देखत विचारू शकतात आणि त्यात तुमच्यावर काही येत नाही. म्हणून शक्य असेल तर यजमानांना बरोबर घेऊनच जा.

या प्रश्नांतून मग पुढच्या गोष्टी निघतात. डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरांकडून कूस बदलणं आणि नळीतून अन्न देणं शिकून घ्यायचं. तुम्ही आणि यजमान, दोघांनीही. वॉटर बेड, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर लगेच विकत घ्यायची गरज नसते. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत ठेवून थोड्या भाड्याने मिळतात, आणि तुमच्या भागात जवळचं केंद्र कुठलं हे बहुधा मॅडमना ठाऊक असतं. दिवसपाळीला मावशी ठेवायची झाली तर तिचा पगार आणि तुमचा पगार समोरासमोर कागदावर मांडून बघा. तुम्ही नोकरी सोडणं हाच स्वस्त मार्ग आहे, असं पुष्कळदा नुसतं गृहीत धरलेलं असतं.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही. खुद्द सासऱ्यांना काय हवंय? बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नव्हे. अशा झटक्यात पुष्कळदा ऐकलेलं बरंचसं कळत असतं, सांगायला शब्द सापडत नाहीत. आणि आपण त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून, ते तिथे नसल्यासारखं, साताऱ्याला न्यायचं की आणखी कुठे याची चर्चा करत असतो. आयुष्यभर गाडीत ‘पुढे सरका’ म्हणत आवाज दिलेला माणूस हे सगळं मुकाट ऐकतोय. समाजसेवक त्यांच्याशी थेट बोलतील. हो-नाही असं उत्तर येईल असे प्रश्न, मान हलवणं, डावा हात, गरज पडली तर स्पीच थेरपिस्टची मदत. तुम्हीही आजपासून हे करून बघा.

आता पैसे. तुमचं रुग्णालय ट्रस्टचं आहे, म्हणजे बहुधा धर्मादाय म्हणून नोंदलेलं असेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41 कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये एक योजना लागू केली. अशा रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांना सवलतीत द्यायच्या, आणि इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत वेगळी ठेवायची. तातडीच्या रुग्णाकडे दाखल करताना अनामत मागायची नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही, रुग्णालयावरचं बंधन आहे. उत्पन्नाच्या मर्यादा अधूनमधून वाढवल्या जातात, तेव्हा चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलेला आकडा धरून बसू नका. आजचा आकडा विभागातच विचारा.

दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. तिच्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि उपचार यादीत बसावा लागतो. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाची खिडकी असते. नसेल तर 155388 वर विचारा. आपलं रेशनकार्ड केशरी आहे, पांढरं आहे, म्हणून आपण बसणार नाही असं परस्पर ठरवू नका. आणि ही योजना कॅशलेस आहे. मंजुरी उपचार चालू असताना घ्यायची असते. घरी जाऊन मग पावत्यांची फाईल घेऊन आलात तर उपयोग होत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच ‘उद्याच’ म्हटलं.

कार्यकर्त्याच्या दाखल्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते: नको. अर्जावर आणि स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असणार, त्याची नाही. उद्या विचारणा झाली तर तो फोन उचलणार नाही. तुमच्या दिरांसारखंच होईल. शिवाय हिशेबानेही ते तोट्याचं आहे. आर्थिक परिस्थितीची खातरजमा समाजसेवक करतात. पगार कंपनीतून बँकेत येतोय आणि कागदावर निम्मं उत्पन्न, हे दिसलं की तुमच्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसत नाही. साहेबांचं पत्रही शेवटी फिरून त्याच टेबलावर येतं, तेव्हा वाटेत कुणाचे उपकार घेऊन ठेवण्याची गरज नाही.

त्यापेक्षा पगार खरा सांगा आणि कर्जही खरं सांगा. लोक नेमकं हे दुसरं झाकतात. ‘बरं चाललंय आमचं’ म्हणतात आणि पतसंस्थेच्या हप्त्याचा उल्लेखही करत नाहीत. तुम्ही मर्यादेच्या थोडे वर असाल तर सवलतीच्या खाटेचा हक्क मिळणार नाही, हे मान्य. पण मग समाजसेवक तुमची परिस्थिती लिहून व्यवस्थापनापुढे ठेवू शकतात, बिलात काही सूट किंवा हप्ते मिळतात का ते बघू शकतात. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सिद्धिविनायक न्यासासारखे वैद्यकीय मदत देणारे न्यास आहेत. त्यांना डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि पैसे साधारणपणे थेट रुग्णालयाच्या नावाने येतात. म्हणजे तुमच्या हातात कुणी नोटा ठेवत नाही, हे यजमानांना जरूर सांगा. जाताना सगळ्यांची आधारकार्डं, रेशनकार्ड, पगाराची स्लिप, सासऱ्यांच्या पेन्शनचं बँक पासबुक आणि कर्जाचे कागद न्या. कागद अपुरे असतील तरी जा. काय कमी आहे ते तिथेच कळेल.

मदत मिळेलच असं मी म्हणत नाही. बिल माफ करायचा अधिकार समाजसेवकाच्या हातात नसतो. निधी संपलेला असतो, खाट भरलेली असते. तिथून ‘यावेळी जमणार नाही’ हे उत्तर आलं तरी निदान कुठले दरवाजे बंद आहेत हे दोन दिवसांत कळतं, तेच कळायला एरवी दोन महिने जातात.

घरातलं बाहेर जाईल ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेत नाही. समाजसेवकाला गोपनीयता पाळावी लागते. जावेचा भाऊ फोन करून विचारील आणि त्याला तुमची कहाणी कळेल, असं होऊ नये. पण सगळंच गुप्त राहतं असंही नाही. उपचाराला लागणारी माहिती फाईलवर जाते, निधीच्या अर्जात उत्पन्न जातं. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट कळली तर त्यांना गप्प बसता येत नाही. पॉक्सो कायद्याखाली तर कळवणं बंधनकारकच आहे. म्हणून बोलताना सरळ विचारा, ‘मॅडम, हे तुम्ही लिहिणार का? कोण वाचेल?’ हा प्रश्न त्यांना खटकायचं काही कारण नाही. आणि दिरांचं जमिनीवरून काय झालं हा इतिहास सांगायची गरजच नाही. ‘दीर आहेत, कमावतात, सध्या बोलणं बंद आहे’ एवढं पुरे. खोटं न बोलताही थोडकं बोलता येतं.

वृद्धाश्रमाचं म्हणाल, तर कुणालाही कुठे ‘पाठवण्याचा’ अधिकार समाजसेवकाला नाही. घरी लगेच नेणं जमत नसेल तर काही आठवडे एखाद्या पुनर्वसन केंद्रात ठेवता येईल का, असा पर्याय कदाचित सांगतील. ऐकून घ्या. नको असेल तर नको म्हणा.

सगळेच समाजसेवक चांगले भेटतील याची हमी कोण देणार? कित्येक रुग्णालयांत एका माणसाकडे चार-पाच वॉर्ड असतात, बाहेर रांग असते, आणि मग ‘पिवळं कार्ड आहे का? नाही? मग नाही होणार’ एवढ्यावर बोळवण होते. तसं झालं तर वाद घालू नका, उठूही नका. ‘बिलाचं नंतर बघू, आम्हाला डिस्चार्जचं ठरवायचंय, कधी येऊ?’ असं विचारून वेळ मागून घ्या. धर्मादाय खाट नाकारली तर कारण लेखी मागा. ते मिळालं नाही तर वैद्यकीय अधीक्षक आणि त्यानंतर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, या क्रमाने जा.

ज्यांच्या घरात कुणी रुग्णालयात नाही पण अडचण अशीच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181, मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416. घरात मारहाण होत असेल तर महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाची चौकशी करा. 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेने असा पहिला कक्ष सुरू केला. या कक्षात प्रशिक्षित समाजसेवक बसतात, आणि पोलिसांकडे असूनही तक्रार नोंदवलीच पाहिजे अशी सक्ती नसते. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

राहिले दीर. आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 चा कायदा आहे आणि त्याखाली सासरे स्वतः प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. पण आज त्या वाटेने जाऊ नका, निदान पहिलं पाऊल म्हणून तरी नको. मॅडमना सांगा की घरच्यांची एक बैठक घ्यायची आहे. डॉक्टर, त्या स्वतः, तुम्ही दोघं आणि दीर. प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर ते फोनवर. विषय एकच ठेवा, बाबांचे पुढचे तीन महिने. जमीन नको, जुनी उणीदुणी नकोत. दिरांनी पैसे द्यायचे की महिन्यातून काही दिवस येऊन राहायचं, हे त्यांनाच निवडू द्या. त्यांना फोन मात्र तुम्ही किंवा यजमानांनी करू नका; मॅडमना विभागाच्या फोनवरून करायला सांगा. घरचा नंबर बघून न उचलणारी माणसं रुग्णालयाचा फोन बहुतेक वेळा उचलतात.